नैवेद्याआधीच्या चार गोळ्या

गौरी यायच्या आठ दिवस आधी आमच्या सासूबाई पनवेलच्या बाजारात जायच्या. दरवर्षी त्यांच्या पिशवीत तीन गोष्टी नक्की असायच्या: गौरीची साडी, नवी सुपं आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. गोळ्या औषधाच्या दुकानातून मिळायच्या, चिठ्ठीबिठ्ठी कोणी मागत नसे. घरी आल्यावर सासूबाई आम्हा दोघी सुनांना आणि सणाला आलेल्या नणंदेला समोर बसवायच्या आणि तीर्थ द्यावं तशा त्या वाटायच्या. कोणाची तारीख कधी आहे हे त्या विचारतच नसत.

"आई, माझी पाळी परवाच होऊन गेली," मी एकदा म्हटलं होतं.

"असूं दे. भरवसा नाय धरायचा," त्या म्हणाल्या. "गौर घरात हाय. तू तुजं शास्त्र कंपनीत ठेव."

मी तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. बी.एस्सी., केमिस्ट्री. माझे वडील मिठागरावर मीठ ओढायचे, आई सही करताना अंगठा पुढं करायची. आमच्या दोन्ही घरांत, माहेरी आणि सासरी, पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. मिरवायचं म्हणाल तर मिरवते, कष्टाने मिळवलेलं आहे. सासूबाईंनाही त्याचा मनातून अभिमान होता, पण तो त्या टोमण्यातून दाखवायच्या. माझ्या वाट्याच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. त्यांच्या हातून घेतल्या आणि डब्यात ठेवून दिल्या.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली. शिरढोणच्या बाजूला आमचं घर, हायवेपासून आत. माझी धाकटी जाऊ बारावी झालेली, दोन-अडीच वर्षांचा मुलगा पदरात. दोनदा नंबर हुकल्यावर त्या वर्षी तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. फॉर्म भरण्यापासून मी तिच्या मागे होते. सासूबाईंनी परवानगी दिली, पण सगळ्यांसमोर अट घालून.

"जा. पण पोटात काय रायलं तर कालेज बंद. पोट घेऊन एसटीमागं कुटं धावणार तू?"

जाऊ "हो" म्हणाली. दोन वर्षं मूल नको, असं तिने आणि धाकट्या दिरांनी ठरवलं होतं, आणि ते पाळतही होते.

त्या वर्षी गौरी यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या पडवीत चिंच लावून तांब्याची भांडी घासत होतो. मी सहज विचारलं, "तुझी तारीख कधी गं?"

"अजून पंधरा दिवस हायत, ताई."

"मग कशाला खातेस त्या गोळ्या?"

"आईंनी दिल्या म्हणून. आणि बरंच की, तेवढेच चार दिवस मोकळे." ती गालात हसली. "काल रात्री मीच ह्यांना बोलले, रावू द्या ते निरोधचे फुगे. गोळ्या चालू हायत माझ्या."

माझ्या हातातली कळशी तशीच राहिली. "अगं ए शहाणे, ह्या त्या गोळ्या नाहीत!"

"गोळी ती गोळीच ना? पाळी थांबते म्हंजे आतलं सगळंच थांबतं."

"कॉलऱ्याचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुत्रं चावलेलं बरं होतं का? किती खाल्ल्यास?"

"दोन दिवस. ते पण आठवलं तशा."

मी बोटांवर मोजलं. पाळीला पंधरा दिवस, म्हणजे बीज सुटायचे नेमके हेच दिवस. महिन्यात भलते दिवस निवडायला सांगितले असते तरी तिने याहून भलते निवडले नसते. मी तसं बोलून दाखवलं. तिने ओले हात लुगड्याला पुसले, परत पुसले आणि हळूच म्हणाली, "ताई, माजं कालेज."

याच्यावर काय उपाय असतो ते मलाही नीट माहीत नव्हतं. नंतर घ्यायचं काहीतरी असतं एवढं लॅबमधल्या एका बाईकडून अर्धवट ऐकलं होतं. पण पनवेलमध्ये मला ओळखणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या आणि आमच्याकडे निमित्त होतं. गौरीच्या दिवशी बाजारात काहीतरी आणायचं राहिलेलं असतंच. तेरड्याची फुलं कमी पडतील असं मी सासूबाईंना सांगितलं. दुपारी गौरी घरात घेऊन झाल्यावर आम्ही मिनिडोरमध्ये बसून पनवेलला आलो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मागची पाळी नीट आली होती का, अर्धं डोकं दुखतं का, पायाची शीर सुजून कधी गाठ झाली होती का, असं विचारलं. बी.पी. बघितलं. मग म्हणाल्या, "काल रात्रीची गोष्ट ना? बरं झालं आजच आलात. तीन दिवसांच्या आत यायला लागतं, पण जितकं लवकर तितकं बरं. तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसायचं नसतं."

जाऊ मान खाली घालून बसली होती. ती एकदम म्हणाली, "बाई, गौर बसलेय घरात. पाडायबिडायचं असंल तर मला नको. मी तसं पाप नाय करणार."

"अगं, पाडायला आधी काहीतरी असायला हवं ना?" बाई हसल्या. "तुझ्या पोटात आत्ता काही नाही. पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस जिवंत राहतं, वाट बघत. तुझं बीज बहुतेक अजून सुटलेलं नाही. ह्या गोळ्या त्याला सांगतात, थांब, एवढ्यात बाहेर येऊ नको. ते येईपर्यंत वाट बघणारे संपलेले असतात. झालं. आणि समजा गर्भ आधीच राहिलेला असता, तर ह्या गोळ्यांनी त्याचं काही वाकडं झालं नसतं. त्या गोळ्या वेगळ्या, ते काम वेगळं."

"आणि बीज आधीच सुटलं असेल तर?" मी विचारलं.

"तर बहुतेक उपयोग नाही. शंभर टक्के गॅरंटी मी देत नाही. तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली तर ती जास्त खात्रीची, पाच दिवसांपर्यंत बसवता येते. बसवू?"

जाऊने माझ्याकडे बघितलं. "ह्यांना विचारल्याशिवाय नको. आणि आज तर नकोच."

तेव्हा आपल्याकडे खास या कामाची गोळी दुकानात मिळत नव्हती. डॉक्टर लोक रोज घ्यायच्या साध्या गर्भनिरोधक गोळ्याच वापरायचे, फक्त एकदम जास्त. बाईंनी कपाटातून सरकारी पाकीट काढलं. त्यात पांढऱ्या गोळ्यांच्या तीन ओळी आणि शेवटी तपकिरी गोळ्यांची एक ओळ होती.

"ह्या तपकिरी जोरदार दिसतायत," जाऊ म्हणाली.

"ते नुसतं लोह आहे, रक्तासाठी. ह्या कामाला शून्य." बाईंनी कात्री घेतली आणि तपकिरी ओळ कापून बाजूला टाकली. मग पांढऱ्यातून चार-चारचे तीन तुकडे कापले. "चार आत्ता, चार बारा तासांनी. तिसरा तुकडा जादा. गोळ्या घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर औषध बाहेर गेलं समजायचं आणि परत चार घ्यायच्या. मळमळणार हे नक्की. ही उलटीची गोळी तासभर आधी घ्यायची आणि रिकाम्या पोटी अजिबात घ्यायच्या नाहीत. काय गं, बी.एस्सी., लक्षात राहील ना?"

"राहील."

"त्या पाळी ढकलायच्या गोळ्या बंद. पाळी येईपर्यंत नवऱ्याला म्हणावं फुगे वापर, कारण ह्या गोळ्या झालेल्या रात्रीपुरत्या आहेत, येणाऱ्या रात्रींसाठी नाहीत. पाळी दोन-चार दिवस मागंपुढं होईल. आठवडा उलटून गेला तर लघवी तपासायला ये. आणि दर महिन्याला धावत येऊ नको, हा रोजचा उपाय नव्हे."

उलटीची गोळी तिने तिथेच घेतली. आम्ही तेरड्याची फुलं घेतली, स्टँडाजवळ इडली खाल्ली आणि सहाच्या सुमारास तिथल्याच पाण्याने तिने पहिल्या चार गोळ्या घेतल्या. घरी पोचेपर्यंत तिला थोडं गरगरलं, बाकी काही नाही. ती मला म्हणाली, "ताई, उगाच घाबरवलं बाईंनी."

या शब्दांनीच पुढचा घोटाळा केला. पुढच्या चार गोळ्या सकाळी सहाला, आणि तो दिवस गौरीपूजनाचा. आमच्या घरी त्या दिवशी गौरीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात काही टाकत नाही. आणि आमच्या गौरीला नुसत्या पुरणपोळीवर भागत नाही, मटण लागतं, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे लागतात. ते सगळं शिजून, गणपतीला सामिष दिसू नये म्हणून त्याच्यासमोर पडदा ओढून नैवेद्य दाखवेपर्यंत दुपार होते. मी जाऊसाठी बिस्किटं लपवून ठेवली होती. तिने ती घेतली नाहीत. देवाचं मोडायचं नाही म्हणाली. उलटीची गोळीही घेतली नाही, कारण संध्याकाळी काही झालं नव्हतं. चार गोळ्या रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर. अर्ध्या तासात ती मोरीशी ओकत बसली.

मोरी चुलीपासून चार पावलांवर. सासूबाई वाटण वाटत होत्या, नणंद लसूण सोलत होती.

"काय गो, काय झालं?"

"पित्त," जाऊ पदराने तोंड पुसत म्हणाली.

"पित्त म्हने!" नणंद हसत सुटली. "आये, सकालच्या पारी, उपाशी पोटी, काय उतरत नाय पोटातून, निस्तं ओ-ओ. असलं पित्त मला दोनदा झालं व्हतं. एक पाचवीत हाय, एक दुसरीत."

सासूबाईंचा हात पाट्यावर थांबला. त्यांनी जाऊकडे नीट बघितलं. मग उठल्या, तिखट लागलेले हात धुतले आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"गौर पावली गो बाय माजी! काल घरात आली नि आज दिलंन."

जाऊ माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. ज्या गोष्टीला ती घाबरत होती, ती न होताच घरात जाहीर झाली होती. आणि औषध मोरीतून वाहून गेलं होतं. तिसऱ्या तुकड्यातल्या चार गोळ्या घ्यायलाच हव्या होत्या, या वेळी भरल्या पोटी, आणि नैवेद्याला अजून पाच-सहा तास होते.

मी काही सुचवायच्या आधी सासूबाईच म्हणाल्या, "उठ गो. भाकर खा. दूद घे. पोटुशीला उपास नाय. गौर पन पोटुशीला जेव म्हनते."

"पण आई, नैवेद्य..." जाऊ म्हणाली.

"मी सांगते ना तुला! जीवाला जीव हाय तुज्या. खा."

घरात त्या दिवशी नैवेद्याआधी जेवायची मुभा फक्त गरोदर बाईला होती, आणि ती मुभा गरोदर होऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईला मिळाली. मी तिला आतल्या खोलीत नेलं, आधी उलटीची गोळी दिली आणि पडून राहायला सांगितलं. तासाभराने सासूबाई स्वतः तांदळाची भाकर, दूध आणि वर गुळाचा खडा घेऊन आल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. सगळं खाल्ल्याशिवाय हलायला तयार नाहीत.

"आई, बाजारातून आणलेल्या चिंबोऱ्या चांगल्या आहेत का ते नांगीवरून बघून घ्या, वन्सं ओळखणार नाहीत," मी नणंदेचं नाव पुढं करून म्हटलं.

"तिला काय कळतंय!" म्हणत त्या उठल्या. जाऊने दुधाबरोबर चार गोळ्या घेतल्या. मळमळत होतं, पण या वेळी टिकल्या. दुपारपर्यंत मी दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होते. तिकडे पडद्याआड गौरीला नैवेद्य दाखवला जात होता आणि सासूबाई तिच्यापुढं नातवंडासाठी हात जोडत होत्या.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. गौरी-गणपती गेले, सुट्टी संपली आणि सासूबाई म्हणाल्या, "आता कालेज नको. नाव काडून घे." जाऊने ऐकलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायची, आणि सासूबाई ओट्यावरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलायच्या, "जाते बग, पोट घेऊन जाते! त्या धाकट्याला बायको आवरत नाय." दीर मध्ये पडायचे नाहीत. रात्रपाळी आहे म्हणून झोपायचे. मी जाऊला सांगितलं, पाळी येऊ दे, मग सगळं आपोआप मिटेल. चाचणी लावावी तसा मी माझ्या लॅबच्या डोक्याने विचार केला होता: पाळी आली म्हणजे पोटात काही नाही, पोटात काही नाही म्हणजे कॉलेज चालू.

पाळी दोन दिवस उशिरा आली. जाऊ ओसरीवर बाजूला बसली आणि घरात सगळ्यांना कळलं. मी मनातून खूश. सासूबाई मात्र जमिनीवर बसल्या आणि डोक्याला हात लावला.

"खाल्लंन गो," त्या म्हणाल्या. "त्या एसटीच्या धक्क्यानी माजं नातवंड खाल्लंन. सांगत व्हते जाव नको. कालेजनी पोर खाल्लं!"

हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्या रडत होत्या, खोटं रडत नव्हत्या. शेजारची बाई आली, तिनेही मान हलवली. आता कॉलेज बंद होणार हे नक्की होतं, कारण कॉलेजला जाणाऱ्या सुनेवर एक पोर गमावल्याचा आळ आला होता. पुढं ती पास झाली असती, शिक्षिका झाली असती तरी घरात तेच बोललं गेलं असतं.

शेजारीण गेल्यावर जाऊ ओसरीवरूनच म्हणाली, "आई, पोर नवतंच."

"तुला काय म्हाईत? दिवस कोवले व्हते."

"नवतंच. मी गोळ्या घेतल्या व्हत्या. पोर राहू नये म्हणून. गौरी आल्या त्या दिवशी पनवेलला जाऊन. त्यानं उलटी झाली, त्या औषधानं."

सासूबाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे वळल्या. "तू नेलंस?"

"हो," मी म्हटलं.

"पाडलंत?"

"नाही आई. पाडायला काही नव्हतंच. राहूच नये म्हणून आधी घ्यायच्या गोळ्या असतात. तुम्ही आम्हाला पाळी पुढं ढकलायला देता ना, तसंच. ह्या गोळ्या बीज पुढं ढकलतात. एवढंच."

मी बाईंनी सांगितलेलं सगळं परत सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे गौरीच्या दिवशी नैवेद्याच्या आधी भाकर खाल्लीस, तवा तू पोटुशी नवतीस?"

"नवते," जाऊ म्हणाली.

"नि मी वाडली. माज्या हातानी."

त्या दिवशी मला जी बोलणी खावी लागली ती सगळी त्या भाकरीवरून. गोळ्यांबद्दल एक शब्द नाही. गौरीची फसवणूक केलीत, शिकून हेच शिकलात का, बी.एस्सी.ला देव नसतो का, दोघींनी गौर बसते त्या पाटापुढं नाक घासलंच पाहिजे. मी लगेच घासलं, जाऊने नाहून घरात आल्यावर. मला त्यात कमीपणा वाटला नाही. त्या बाईने खरोखर मनापासून वाढलं होतं.

आता दुकानात या कामाची वेगळी गोळी मिळते. एकच असते, चिठ्ठी लागत नाही, मळमळही पुष्कळ कमी. उलटी झाली तर परत घ्यायची हा नियम आहेच, आणि लवकर घ्यायची हाही. तरी माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या मुली तिला गर्भपाताची गोळी समजतात, नाहीतर महिनाभराचं संरक्षण समजतात. म्हणून हे नीट लिहिलं.

तीन दिवस सासूबाई आम्हा दोघींशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी जाऊ नाहून घरात आली. संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "म्हंजे एसटीनी काय झालं नाय?"

"नाय," जाऊ म्हणाली.

"पोर गेलं नाय?"

"नवतंच, तर जाईल कुटं?"

त्यांनी सूप पाखडलं, खडे बाजूला केले. "मग घरात कशाला बसलेस? तीन दिवस बुडाले ना तुजे. काय शिकवलं ते कोनाला तरी विचारून घे."

दुसऱ्या दिवशी जाऊ सकाळच्या एसटीने गेली. परत येताना ती नवऱ्याला पनवेलला बोलावून घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि तांबी बसवून आली. घरी आल्यावर सासूबाईंनी उशीर का झाला ते विचारलं नाही. जाऊनेही सांगितलं नाही.